मेंडोलिनचे सूर आणि वाजविणाऱ्याचे नाव

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो बोनस, वेतनकरार किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. त्या विषयांवर मी वर्षभर गेट मीटिंगमध्ये बोलतच असतो. या व्याख्यानमालेत मात्र मला एका वाद्याचा इतिहास सांगावयाचा आहे. हे वाद्य म्हणजे मेंडोलिन. ते जन्माने इटालियन; परंतु महाराष्ट्रात असे घर सापडणे कठीण, की जेथे त्याचे सूर पोचले नाहीत. रेडिओवर एखादे जुने चित्रपटगीत लागले, की दोन कडव्यांच्या मध्ये जो बारीक थरथरता स्वर ऐकू येतो, तो पुष्कळदा मेंडोलिनचा असतो. गाणे कोणी गायिले हे आपण चटकन सांगतो. संगीत कोणाचे हेही सांगतो. पण ते मेंडोलिन कोणी वाजविले, असे विचारले की सभा गप्प होते.

हे मौन कसे निर्माण झाले, हा आजचा प्रश्न आहे. मी संगीताचा पदवीधर नाही. पाळी संपल्यावर ग्रंथालयात जे वाचता आले, आणि कान देऊन जे ऐकता आले, तेवढीच माझी शिदोरी. तथापि काम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न माझ्या नित्याच्या ओळखीचा आहे, आणि त्या ओळखीच्या बळावरच मी हे धाडस करीत आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. आज आपण ज्याला मेंडोलिन म्हणतो, त्याला अठराव्या शतकाच्या मध्यास इटलीच्या नेपल्स शहरात आकार आला. व्हिनाचिया नावाच्या कारागीर घराण्याचा त्यात मोठा वाटा आहे. अर्ध्या भोपळ्यासारखे गोल पोट, आखूड मान, मानेवर धातूचे पडदे, आणि चार जोड्यांनी बसविलेल्या आठ तारा. लहानशा पिकने त्या छेडावयाच्या. या तारा व्हायोलिनच्याच स्वरांत लावतात. म्हणून ज्याचा डावा हात व्हायोलिनवर बसला, त्याला मेंडोलिनवर बोटांची जागा नव्याने शोधावी लागत नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढे मुंबईत तिचा उपयोग होणार आहे. या वाद्याची एक मोठी अडचण अशी, की तार छेडली की स्वर क्षणात विरतो. व्हायोलिनसारखा तो गजाने लांबविता येत नाही. त्यावर वादकांनी उपाय काढला, तो म्हणजे त्याच तारेवर भराभर आघात करीत राहण्याचा. त्याला ट्रेमोलो म्हणतात. आपल्या कानात बसलेली ती थरथर म्हणजे अशी एका उणिवेवर माणसाच्या मनगटाने केलेली मात आहे.

या वाद्याचे जुने संगीत आज उपलब्ध आहे ते दोन वाटांनी. एक वाट कागदाची, म्हणजे स्वरलेखनाची. आणि दुसरी तबकडीची, म्हणजे ध्वनिमुद्रणाची. दोन्ही वाटांचे एकेक उदाहरण देतो.

कागदाचे उदाहरण व्हेनिसच्या अंतोनिओ व्हिवाल्डीचे. हा संगीतकार 1741 साली वारला आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे विस्मृतीत गेला. 1926 साली उत्तर इटलीतील एका धार्मिक विद्यालयाने पैशाच्या गरजेपोटी जुनी हस्तलिखिते विकावयास काढली. तपासणीत ती व्हिवाल्डीची निघाली. पुढे त्यांचा उरलेला अर्धा भागही एका खाजगी घराण्याकडे सापडला. दोन धनिकांनी आपापल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हे दोन्ही भाग विकत घेऊन तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिले. त्याच बाडांत मेंडोलिनसाठी लिहिलेल्या रचना होत्या. त्या काळचे मेंडोलिन आजच्याहून थोडे वेगळे. पण कागद टिकला म्हणून रचना टिकली, आणि आज जगभर ती वाजते.

याच व्हिवाल्डीची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो व्हेनिसच्या पिएता नावाच्या अनाथालयात संगीतशिक्षक होता. तेथील वादक म्हणजे अनाथ मुली. त्यांना आडनाव नव्हते. म्हणून त्यांच्या नावापुढे वाद्याचे नाव लावीत. त्यांपैकी आन्ना मारिया ही ‘व्हायोलिनची आन्ना मारिया’ म्हणून ओळखली जाई. ज्यांना आई-बाप ठाऊक नव्हते, त्या मुलींची नावे संस्थेच्या वह्यांत नोंदली गेली आणि तीनशे वर्षांनंतर आपल्याला वाचता येतात. नोंद ठेवणे ही किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे, हे यावरून कळावे.

तबकडीचे उदाहरण न्हाव्यांच्या दुकानातले आहे. दक्षिण इटली व सिसिली येथे न्हाव्याच्या दुकानात मेंडोलिन आणि गिटार भिंतीला टांगलेली असत. गिऱ्हाईक नसले की कारागीर ती वाजवीत, आणि हाताखालची पोरे ऐकून ऐकून शिकत. वॉल्ट्झ, पोल्का, मझुर्का असे नाचाचे हे साधे संगीत होते. त्याला राजाश्रय नव्हता, आणि त्यातले पुष्कळसे कागदावर कधी उतरलेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीतले लक्षावधी गरीब लोक पोटासाठी अमेरिकेत गेले. तेथील ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या ध्यानात आले, की या मजुरांना गावाकडचे सूर हवे आहेत. मग त्यांच्यासाठी खास तबकड्या निघू लागल्या. सिसिलीतील कातानिया शहरचा जोव्हानी जोव्हियाले (1885–1949) याने 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत असे अनेक नाच मुद्रित केले. तबकडीवर त्याचे नाव छापले गेले. पुढे लोकांनी त्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून, कान देऊन, एकेक स्वर कागदावर उतरविला. अशा रीतीने न्हाव्याच्या दुकानातले संगीत तबकडीवरून कागदावर आले.

नेपल्सच्या राफाएले कालाचे (1863–1934) याच्या बाबतीत कागद आणि तबकडी एकत्र आल्या. तो वाद्ये बनविणाऱ्या घराण्यातला; स्वतः वाद्य बनवी, वाजवी आणि रचनाही करी. त्याच्या रचनांना अनुक्रमांक आहेत, त्या छापल्या गेल्या, आणि त्याचे वादन तबकड्यांवरही आहे. 1920 च्या दशकाच्या मध्यास तो जपानला गेला. तेथे विद्यार्थ्यांनी मेंडोलिनची मंडळे आधीच स्थापली होती. टोकियोच्या केइओ विद्यापीठातले मंडळ 1910 सालचे. नेपल्सचे संगीत जपानमध्ये रुजले याचे एक कारण छापील कागद हे होते. माणूस सर्वत्र पोचू शकत नाही, कागद पोचतो.

येथे मी कारखान्यातला दाखला देतो, कारण आपल्या पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना तो लगेच पटेल. स्वरलेखन म्हणजे ड्रॉइंग आणि तबकडी म्हणजे तयार जॉब. जॉब हातात असला, की व्हर्नियरने मापे घेऊन त्यावरून ड्रॉइंग काढता येते. जोव्हियालेच्या बाबतीत लोकांनी तेच केले. परंतु मूळ ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स किती दिला होता, आणि कारागिराने आपल्या अकलेने कोठे किती फरक केला, हे नुसत्या जॉबवरून कळत नाही. उलट नुसते ड्रॉइंग असेल, तर कारागिराच्या हाताचा गुण त्यात दिसत नाही. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही लागतात. आणि या दोहोंखेरीज तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे जॉबकार्डावरचे नाव.

आता आपल्याकडे येऊ. पाश्चात्य स्वरलेखन वाचणारा सर्वांत मोठा वर्ग आपल्याकडे होता तो गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना गायन, स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. गावात पोट भरेना म्हणून ही मुले मुंबईला येत आणि धोबीतलाव, डाबूल या भागांत गावोगावच्या ‘कुडां’त राहत. गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांच्या जशा खोल्या असत, तशाच या कुडी. मूकपटांच्या काळी ते चित्रपटगृहांत वाजवीत, नंतर हॉटेले व क्लब यांच्या वाद्यवृंदांत. 1931 साली बोलपट आला आणि पुढे मुंबईत दारूबंदी झाल्यावर क्लबांतले काम आटले. तेव्हा हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांकडे वळले. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालवीस, चिक चॉकलेट ही त्यांतली काही नावे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट यांच्या साथीने नवाच बाज आणला. त्या चित्रपटाचे नायक-दिग्दर्शक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, हेही सांगून ठेवतो.

ध्वनिमुद्रणाचे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगे. मग संयोजक, म्हणजे अरेंजर, ती ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग पाच रेघांच्या कागदावर लिहून काढी. व्हायोलिनांनी काय वाजवावयाचे, मेंडोलिनने कोठे शिरावयाचे, ट्रम्पेटने कोठे थांबावयाचे, हे सारे त्यात असे. गोव्याचे वादक तो कागद पाहून वाजवीत. हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेले वादक आपला भाग सा-रे-ग-म मध्ये उतरवून घेत. एकाच दालनात दोन लिप्या चालत आणि सूर एक निघे. त्या वेळी सर्व वाद्ये व गायक यांचे ध्वनिमुद्रण एकदमच होई. पन्नास-साठ जणांपैकी एकाची चूक झाली, की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. असेंब्ली लाइनवर काम केलेल्या माणसाला यातला ताण वेगळा सांगावयास नको. तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची; त्यात मेंडोलिनच्या वाट्याला काही सेकंद येत. त्या काही सेकंदांसाठी आयुष्यभर मनगट तयार ठेवणारी माणसे होती.

या माणसांपैकी दोघांची नावे टिकली, कारण ते दोघेही पुढे संगीतकार झाले. पहिले सज्जाद हुसेन (1917–1995). माळव्यातील सीतामऊचे. वडिलांकडे सतार शिकून 1937 साली ते मुंबईस आले. पहिली नोकरी मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये, महिना 30 रुपये. ‘संगदिल’ (1952) आणि ‘रुस्तम सोहराब’ (1963) यांचे संगीत त्यांचे. पण जाणकार त्यांना मानतात ते मेंडोलिनसाठी. पडद्यांच्या या वाद्यावर मींड निघणे दुरापास्त; ते स्वर तोडून दाखविणारे वाद्य, आणि आपला राग तर स्वरांच्या जोडणीत राहतो. सज्जाद यांनी त्यावर रागदारी वाजवून दाखविली. पुढे आंध्रातील पालकोल्लूचे यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी विजेच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत जगभर नेले. नेपल्सच्या वाद्याला रागाची भाषा येते, हे दोघांनी सिद्ध केले.

दुसरे लक्ष्मीकांत कुडाळकर (1937–1998). लहानपणीच वडील गेले, घरची गरिबी, आणि हातात मेंडोलिन. बाळमुकुंद इंदोरकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पोरवयात कार्यक्रमांतून वाजवून त्यांनी घराला हातभार लावला. मुंबईच्या रेडिओ क्लबमधील एका कार्यक्रमात लता मंगेशकर यांनी त्यांचे वादन ऐकले आणि मोठ्या संगीतकारांकडे त्यांची शिफारस केली. मंगेशकर कुटुंबीयांच्या सुरील कला केंद्रात त्यांची प्यारेलाल यांच्याशी मैत्री झाली. प्यारेलाल यांना वडिलांकडून स्वरलेखन मिळाले होते, आणि व्हायोलिन ते गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालवीस यांच्याकडे शिकले. 1963 च्या ‘पारसमणी’पासून या जोडीने शेकडो चित्रपटांना संगीत दिले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये एका गाण्यात नायकाच्या तोंडी गोन्सालवीस यांचे नाव घालून शिष्याने गुरूचे ऋण फेडले. देशभर ते नाव गाजले. पण ते खऱ्या माणसाचे आहे, तो माणूस मुंबईत व्हायोलिन वाजवीत होता, आणि 1958 साली त्याने सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला होता, हे टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या संगीताची तबकडी टिकली. कागद मात्र फारसा टिकला नाही. ध्वनिमुद्रण संपले, की संयोजकाच्या हातच्या त्या पानांचे काम संपले असे सर्वजण मानीत. ज्या प्रांताने पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्यासारखा माणूस दिला, ज्याने घराणेदार गवयांच्या बंदिशी गोळा करून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, त्याच प्रांतात अर्ध्या शतकाचे वाद्यवृंदाचे लेखन रद्दीत जावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. चित्रपट, भित्तिपत्रके, गाण्यांची चोपडी यांचे जतन तेथे झाले, हे आपले भाग्य. परंतु गाण्याच्या चोपडीत शब्द असतात. मेंडोलिनचे स्वर नसतात. मुंबईत 1990 साली ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांनी आपली संस्था काढली आणि जुन्या तबकड्यांच्या याद्या छापल्या. हौसेने एकत्र आलेल्या माणसांनी केलेले हे काम मोलाचे आहे.

आणि नाव? तबकडीवरच्या नावाचा इतिहास बोलका आहे. ‘महल’ (1949) या चित्रपटाच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! रेडिओवर श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा कोठे लताबाईंचे नाव बाहेर आले. म्हणजे गायिकेचे नावसुद्धा आपोआप आले नाही. श्रोत्यांनी ते मागितले आणि गायकांनी त्यासाठी आग्रह धरला, म्हणून ते आले. वादकांसाठी अशी मागणी कोणी केली नाही. 1950 च्या दशकात मुंबईच्या चित्रपट-वादकांनी आपली संघटना बांधली आणि कामाचे तास व दर यांसाठी ती झटली. संघटनेचा पहिला लढा पोटाचा असतो, आणि तो तसाच असावयास हवा. नावाचा लढा मात्र मागे राहिला.

त्याचे फळ कायद्यात दिसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला स्वतंत्र हक्क नव्हता. 1994 च्या दुरुस्तीने तो आला. 2012 च्या दुरुस्तीने कलावंताला स्वामित्वधनाचा वाटा आणि आपले नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. परंतु त्याच दुरुस्तीत चित्रपटापुरते एक परंतुक आहे. ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, त्याला कलावंत समजू नये, असा त्याचा आशय. त्याच्या कामाची विकृती झाली तर तो दाद मागू शकतो. नाव लावा असे म्हणू शकत नाही. आता दोन कडव्यांमधला मेंडोलिनचा तुकडा आनुषंगिक म्हणावा की नाही, यावर वकील वाद घालतील. माझे लक्ष दुसऱ्या अटीकडे आहे. नाव देण्याचा रिवाज नव्हता, हेच नाव न देण्याचे कारण ठरू शकते! कंत्राटी कामगाराला आम्ही हेच ऐकत आलो आहो: तुझे नाव मस्टरवर नाही, म्हणून तू येथला नाहीस, आणि तू येथला नाहीस, म्हणून तुझे नाव मस्टरवर नाही. नोंद हा इतिहासाचा विषय आहे तितकाच तो हक्काचाही विषय आहे, तो असा.

दरम्यान काळ पुढे गेला. 1980 च्या दशकानंतर सिंथेसायझर आणि अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करण्याची सोय आली. साठ माणसांचे दालन ओस पडले. वादक एकटा येऊन आपला तुकडा वाजवून जाऊ लागला. नवीन यंत्र आले म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही, ते येणारच. पण जुन्या यंत्रावरची माणसे आपले ज्ञान घेऊन निघून जातात, तेव्हा त्यांच्याकडून ते लिहून घेण्याची घाई कोणीतरी करावी लागते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून मी थांबणार नाही. कामगार चळवळीचे स्वतःचे संगीत घ्या. 1944 साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांनी गिरणगाव जागा केला. त्यांच्या गीतांचे आणि पोवाड्यांचे शब्द छापले गेले. पण चालींचे स्वरलेखन क्वचितच झाले. तुणतुणे कोणाच्या हाती होते, ढोलकी कोणाची, झीलकरी कोण, याची यादी कोणी करावयाची?

आणि आपले हे गाव. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. नंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि मागाहून चाकण. या कारखान्यांच्या ओढीने सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून माणसे आली. त्यांनी बरोबर भजने, भारुडे, शक्ती-तुऱ्याच्या चाली आणि जात्यावरच्या ओव्याही आणल्या. वसाहतींतून भजनी मंडळे झाली, गणेशोत्सवात कामगारांचे वाद्यवृंद झाले. त्या मंडळांच्या वह्या कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. काही कॅसेटी कपाटात आहेत, ज्यांची फीत दर पावसाळ्यात थोडी अधिक चिकटते. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीची आहे.

माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या घरी अशी वही किंवा कॅसेट असेल, त्यांनी ती जवळच्या ग्रंथालयाला दाखवावी. कॅसेट असेल तर तिची प्रत करून घ्यावी, आणि गाणाऱ्याबरोबर वाजविणाऱ्याचेही नाव, गाव, कारखाना व साल एका कागदावर लिहून तिला जोडावे. आपल्यात स्वरलेखन जाणणारे संगीतशिक्षक आहेत. त्यांनी आठवड्याला एक चाल उतरवून घेतली, तरी वर्षाला पन्नास चाली होतील. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही. वही, पेन्सिल आणि चांगला कान असला म्हणजे झाले. सिसिलीच्या न्हाव्यांचे संगीत अशाच रीतीने वाचले. आपल्या टर्नर-फिटरांचे, त्यांच्या आयाबहिणींचे संगीत वाचविण्यास त्याहून अधिक काही लागेल, असे मला वाटत नाही.